गाईच्या रक्तातलं बारदान

दिवसाला ३० लिटर दूध देणाऱ्या, ६०० किलो वजनाच्या होल्स्टीन गाईच्या रक्ताची बाटली कुणी गुपचूप माणसांच्या लॅबमध्ये देऊन आलं, तर रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांची पंचाईत होईल. एकूण कोलेस्टेरॉल डेसिलिटरला २२० मिलिग्रॅम, म्हणजे २०० ची लक्ष्मणरेषा ओलांडलेली. त्याखाली ट्रायग्लिसराइड फक्त १५. माणसात ते दीडशेपर्यंत चालतं. १५ आलं तर मशीन बिघडलं असं समजून नमुना परत मागवतील. आणि या २२० पैकी ८० टक्क्यांहून अधिक भाग ‘चांगल्या’ म्हणवल्या जाणाऱ्या एचडीएलमध्ये. माणसात बरोबर उलटं असतं, बहुतेक माल ‘वाईट’ एलडीएलकडे.

पथ्य सांगायचं तर तेही अवघड. या पेशंटनं जन्मात अंडं खाल्लेलं नाही, मटण नाही, तुपाची धार नाही. वासरू असताना प्यायलेलं दूध सोडलं, तर गव्हाणीत पडतो तो मुरघास, कडबा, हिरवा मका, पेंड. वनस्पतींमध्ये कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच; त्यांची स्वतःची वेगळी स्टेरॉलं असतात आणि ती आतड्यातून फारशी आत शिरत नाहीत. तेव्हा ही बाई शून्य खाऊन २२० वर पोचली आहे. आणि खरी गंमत पुढेच: हा आकडा २२० वरून ८० वर आला, तर माणसाच्या घरी पेढे वाटतील, गोठ्यात मात्र जनावरांच्या डॉक्टरांना फोन करायची वेळ आलेली असते.

आपल्याकडे गोठ्यात या आकड्याकडे कुणी बघत नाही. संकलन केंद्रावर विचारतात ते ‘फॅट किती लागलं?’ एवढंच. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरणारा घन भाग) यावर दर ठरतो. कोलेस्टेरॉलला कुणी दहा पैसे देत नाही. तरीही गाय काय खाते आणि मुख्य म्हणजे खाते की नाही, हे सांगणाऱ्या रक्तातल्या आकड्यांमध्ये याच्याइतका बोलका आकडा मला दुसरा दिसत नाही. तो वाचायचा तर आधी हिशोबाला बसावं लागतं.

सुरुवात पोटापासून. अशी गाय दिवसाला साधारण २२ किलो खाते, तेही चाऱ्यातलं पाणी वजा करून. त्यात ३ टक्के चरबी धरली तर दिवसाची चरबी झाली ६६० ग्रॅम. हे सगळं पहिल्यांदा कोटीपोटात, म्हणजे गाईच्या चार पोटांतल्या पहिल्या पोटात, जातं. तिथे दीडशे लिटरच्या वर ऐवज मावतो, आणि त्या ऐवजाच्या एकेका मिलीलिटरमध्ये १,००० कोटी ते १०,००० कोटी जिवाणू असतात. पृथ्वीवरची एकूण माणसं ८०० कोटींच्या थोडी पुढे. म्हणजे एका चमच्याच्याही आत आपली सगळी लोकसंख्या बसून वर जागा उरते. कमीत कमी आकडा घेतला तरी एका गाईच्या पोटात दीडशे हजार मिलीलिटर गुणिले हजार कोटी. होतात १५ कोटी कोटी, म्हणजे १५ वर १४ शून्यं. त्यांना आम्लतेचा तोल सांभाळून देण्यासाठी गाय दिवसाला शंभर-दीडशे लिटर लाळ गाळते, आणि चरणं-रवंथ मिळून ४० हजारांहून अधिक वेळा जबडा हलवते.

या जीवांना पातळ तेल सोसत नाही. सरकीतलं, मक्यातलं, गवतातलं असंतृप्त मेदाम्ल त्यांना विषासारखं लागतं, म्हणून जिवाणू त्यात हायड्रोजन घालून ते घट्ट करून टाकतात. लिनोलिक आम्लाचा ७० ते ९५ टक्के भाग आणि लिनोलेनिकचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग असा पोटातच बदलतो. वनस्पती तुपाच्या कारखान्यात निकेल, उष्णता आणि दाब लागतो ते काम इथे ३९ अंशांवर, रवंथ करता करता होतं. गाईला तुम्ही करडईचं तेल द्या नाहीतर जवसाचं, आतड्यात पोचतं ते बहुतांश मेणासारखं स्टिअरिक आम्ल.

दुसरीकडे हेच जिवाणू कडब्यातला तंतू फोडून ॲसेटिक आम्ल बनवतात, आपल्या शिरक्यातलं. गाईच्या शरीरात कोलेस्टेरॉल बनतं ते मुख्यतः यातून. दोन कार्बनचा एक तुकडा, असे १८ तुकडे जोडायचे, ३६ कार्बन होतात. वाटेत ६ कार्बन वायू होऊन उडतात, पुढे आणखी ३ जातात, आणि ३० च्या आसपास पायऱ्या चढून २७ कार्बनचा एक रेणू तयार होतो. ही पायऱ्यांची वाट उलगडल्याबद्दल कोनराड ब्लॉख आणि फेओडोर लिनेन यांना १९६४ चं नोबेल मिळालं. त्यांनी ते ज्वारीच्या ताटाकडे बघून केलं नव्हतं, पण ज्वारीच्या ताटाचं गाईत तेच होतं.

आता प्रश्न असा की बनवायचंच कशाला? कोलेस्टेरॉलचे उपयोग पुष्कळ आहेत. प्रत्येक पेशीच्या भिंतीत ते लागतं, पित्त त्यातून होतं, संप्रेरकं त्यातून होतात. पण रक्तातला आकडा खाण्याप्रमाणे वर-खाली होतो तो वेगळ्या कारणानं, वाहतुकीच्या.

चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्त म्हणजे मुख्यतः पाणी. आतड्यात शोषलेली चरबी कासेपर्यंत न्यायची तर तिचे बारीक बारीक थेंब करून प्रत्येक थेंबावर पाण्याशी जुळवून घेणारं वेष्टण चढवावं लागतं. मार्केट यार्डातून कांदा सुटा निघत नाही, गोणीत भरून निघतो, तसंच. या वेष्टणात फॉस्फोलिपिड असतं, थोडी प्रथिनं असतात आणि कोलेस्टेरॉल असतं. माल ट्रायग्लिसराइड, बारदान कोलेस्टेरॉल, एवढं लक्षात ठेवलं की पुढचे सगळे आकडे आपोआप जागेवर बसतात.

बारदान किती लागतं ते काढू. गाईच्या आतड्यातून निघणारे थेंब माणसातल्यापेक्षा लहान असतात, कारण ती एका बैठकीत तुपात बुडवलेली पुरणपोळी खात नाही. दिवसभर थोडं थोडं आत येत राहतं. सरासरी व्यास ६० नॅनोमीटर धरू. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले ६०. दिवसाला ६०० ग्रॅम चरबी अशा थेंबांत भरायची. थेंबांची संख्या येते सुमारे ५७ हजार कोटी कोटी. ही संख्या मी लिहिली, तुम्ही वाचली, आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर काही आलं नाही, तेव्हा ती सोडून देऊ आणि वेष्टणाचं क्षेत्रफळ बघू. ते येतं ६५,००० चौरस मीटर. सात-बाराच्या भाषेत १६ एकर.

रोज १६ एकर! अर्धा किलोच्या जरा वर चरबी गुंडाळायला. थेंब जितका लहान तितकं वेष्टण जास्त, हा भूमितीचा नियम इतक्या टोकाला गेला की तो गणित न राहता जमिनीचा व्यवहार वाटायला लागतो. वेष्टणाची जाडी दोन-तीन नॅनोमीटर, म्हणून तर १६ एकर कापड १३० ते २०० ग्रॅमांत निघतं.

हा माल रक्तात किती वेळ टिकतो? गाईच्या अंगात साधारण ४५ लिटर रक्त असतं, त्यातला पातळ भाग, प्लाझ्मा, ३० लिटर. ट्रायग्लिसराइड डेसिलिटरला १५ मिलिग्रॅम, म्हणजे कुठल्याही क्षणी सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम. पण दिवसाला वाहून जातात ६०० ग्रॅम. भागाकार केला तर हा साठा दिवसातून १३३ वेळा रिकामा होऊन भरतो, दर अकरा मिनिटांनी एकदा. भरात असलेल्या गाईची कास आलेला माल उतरवून घेण्यात इतकी तरबेज असते की थेंब आतड्यातून निघतो आणि तुमचा एक कप चहा होईपर्यंत त्यातली चरबी दुधाच्या पेशीत पोचलेली असते. रिपोर्टमधला १५ हा आकडा दारिद्र्याचा नाही, वेगाचा आहे.

माल उतरला की वेष्टण सैल पडतं. ते फेकून दिलं जात नाही. एचडीएल नावाचे कण ते गोळा करतात, त्यातलं कोलेस्टेरॉल एका मेदाम्लाशी बांधून आत ठेवतात आणि फुगत जातात. माल मिनिटांत जातो, रिकामं बारदान मात्र तासन् तास, दिवसन् दिवस फिरत राहतं. म्हणून ट्रायग्लिसराइड १५ आणि कोलेस्टेरॉल २२०. गाईच्या रक्तात मोजलेलं कोलेस्टेरॉल म्हणजे गेल्या काही दिवसांत किती चरबी आतड्यातून आत आली, याची वापरलेल्या गोण्यांवरून केलेली मोजदाद.

त्यात गाय आणखी एक शहाणपण करते. एचडीएलमध्ये कोलेस्टेरॉलला बांधायला ती निवडते ते बहुतांशी लिनोलिक आम्ल, तेच जे कोटीपोटातल्या कत्तलीतून जेमतेम वाचून आलेलं असतं. शरीराला ते बाहेरूनच मिळावं लागतं, स्वतः बनवता येत नाही. कासेला या कणांतून ते सहज काढून घेता येत नाही, म्हणून दुधाच्या चरबीत लिनोलिकचा वाटा दोन-तीन टक्क्यांवरच राहतो. घरातलं सोनं आणि रोजचा बाजारखर्च वेगळा ठेवण्याची ही पद्धत आपल्या आज्यांना समजली असती.

आता खुराक वाढवा. आपल्याकडे हातात पहिली येते ती सरकी. सरकीच्या अख्ख्या दाण्यात १८ ते २० टक्के तेल असतं. दोन किलो सरकी म्हणजे साधारण ३८० ग्रॅम तेल, तेही टरफलात असल्यामुळे हळूहळू सुटणारं. पेंडीत त्याहून बरंच कमी, कारण घाण्यानं आपला हिस्सा आधीच घेतलेला असतो. पण गोठ्यात सुटं तेल ओतण्याला मर्यादा आहे. तेल तंतूवर बसतं, तंतू फोडणारे जिवाणू मरतात, गाय चाऱ्यावरून तोंड काढते. म्हणून सगळ्या खाण्यात मिळून चरबी ६-७ टक्क्यांच्या वर नेऊ नये असं पशुआहाराचं शास्त्र सांगतं. २२ किलोवर ती दीड किलोच्या आसपास होते.

या कुंपणात फट पाडली ती ओहायोच्या डोनाल्ड पामक्विस्ट आणि थॉमस जेन्किन्स यांनी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यांनी पाम तेलाच्या मेदाम्लांना कॅल्शियमशी बांधलं, म्हणजे सरळ भाषेत न विरघळणारा साबण केला. कोटीपोटातली आम्लता साधारण सहाच्या वरच्या सामूवर असते, तिथे हा साबण जसाच्या तसा राहतो. चौथ्या पोटात सामू दोन-तीनवर उतरतो, तिथे तो फुटतो आणि मेदाम्लं मोकळी होतात. जिवाणूंना पत्ता न लागू देता चरबी पुढे. आज संगमनेर, बारामती, सांगोल्याच्या कृषी केंद्रांवर ‘बायपास फॅट’ म्हणून पोती लागलेली असतात, ती याच साबणाची किंवा त्याच्या भावकीतली. त्यातलं पाम मलेशिया-इंडोनेशियाकडून येतं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या गाईच्या गव्हाणीत विषुववृत्तावरचं झाड आलेलं असतं.

आपल्याकडे जनावरामागे दिवसाला शंभर-दोनशे ग्रॅम घालतात. परदेशात भरातल्या होल्स्टीनला अर्धा किलोपर्यंत. अर्धा किलोचा हिशोब करू. त्यातलं पचून आत येतं धरा ३४० ग्रॅम. वेष्टण लागलं आणखी ९ एकर. १६ चे २५ एकर झाले. हे वाढीव बारदान आतड्याच्या भिंतीला जागेवर बनवावं लागतं, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांत कोलेस्टेरॉल बनवण्याचं मोठं केंद्र आतडंच आहे, यकृताइतकंच किंवा जास्त. बनलेलं रक्तात येतं, एचडीएलमध्ये साठतं, आणि दोन-तीन आठवड्यांत रिपोर्टवरचा आकडा अडीचशेच्या, कधी तीनशेच्या घरात जातो. ३० लिटर प्लाझ्मात २०० च्या पातळीला ६० ग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. ३०० ला ते ९० ग्रॅम. एका निरोगी माणसाच्या प्लाझ्मात सगळं मिळून सहा ग्रॅमच्या आसपास असतं.

गाईला याचा त्रास होत नाही का? १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल चारलं आणि त्यांच्या रोहिण्यांत चरबीचे थर दिसले. माणसाच्या कोलेस्टेरॉलची सगळी भीती तिथून निघाली. ससाही शाकाहारी, गायही शाकाहारी. फरक एवढा की सशाला आयतं चारलं होतं आणि ते रोहिण्यांत अडकणाऱ्या कणांमध्ये साठलं. गाय स्वतःच्या गरजेइतकं बनवते आणि ते एचडीएलमध्ये ठेवते. दुभत्या गाईंमध्ये हृदयविकार ही समस्या ऐकायला येत नाही. अर्थात आधुनिक गोठ्यात गाय म्हातारी होईपर्यंत ठेवतातच कुठे, हेही लक्षात असू द्यावं.

इथपर्यंत वाचून एखाद्याला वाटेल की मग या गाईचं दूध बंद केलेलं बरं. त्याच्यासाठी पुढचा हिशोब, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत थक्क करणारा.

एक लिटर दूध बनायला कासेतून चारशे-पाचशे लिटर रक्त जावं लागतं. ३० लिटरला धरा १५,००० लिटर. अंगात रक्त ४५ लिटर, म्हणजे सगळं रक्त दिवसातून ३३३ वेळा कासेतून फिरतं. त्या १५,००० लिटरमध्ये प्लाझ्मा साडेदहा हजार लिटर, आणि लिटरमागे दोन ग्रॅम कोलेस्टेरॉल. गुणाकार करा: कासेच्या दारावरून रोज २१ किलो कोलेस्टेरॉल जातं. आणि दुधात उतरतं किती? १०० ग्रॅम दुधात साधारण १३ मिलिग्रॅम. ३० लिटरमध्ये जेमतेम ४ ग्रॅम. पाच हजारांत एक.

ते चार ग्रॅमही कासेनं उदारपणे वाटलेले नसतात. दुधातली चरबी बारीक गोळ्यांच्या रूपात असते, मिलीलिटरमागे हजार कोटींच्या वर गोळ्या, आणि प्रत्येक गोळीला पेशीच्याच भिंतीचा पापुद्रा गुंडाळलेला असतो. कोलेस्टेरॉल मुख्यतः त्या पापुद्र्यात. एका लिटर दुधातल्या पापुद्र्यांचं क्षेत्रफळ ७५ चौरस मीटरच्या आसपास भरतं, तीस लिटरचं सुमारे २२ गुंठे. अर्ध्या एकरापेक्षा थोडं जास्त. हे क्षेत्रफळ दुधात फॅट किती आणि गोळ्या केवढ्या यावर ठरतं, रक्तात कोलेस्टेरॉल किती यावर नाही. म्हणून रक्तातला आकडा २०० चा ३०० झाला तरी दुधातला १३ जवळपास जागेवरच राहतो. अमुक चारा घातलेल्या गाईचं ‘कमी कोलेस्टेरॉलवालं’ तूप असं कुणी विकायला आलं, तर त्याला गुंठ्यांचा हिशोब विचारावा.

लहान वाटला तरी हा चार ग्रॅमचा आकडाही सरळ नाही. चार ग्रॅम म्हणजे रेणूंत मोजलं तर ६२ वर २० शून्यं. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत वाटलं तर दर सेकंदाला ७ वर १६ शून्यं इतके रेणू, प्रत्येकात कडब्याचे किंवा मक्याचे २७ कार्बन, कासेतून दुधात पडत असतात. आणि देशाचा ताळा करायचा तर २०२३-२४ मध्ये भारतात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दूध निघालं. म्हशीचं, गाईचं, शेळीचं सगळं याच ढोबळ दरानं धरलं तर ३० हजार टनांच्या आसपास कोलेस्टेरॉल झालं, जनावरांनी चाऱ्यापासून बनवलेलं. विस्कॉन्सिनमधल्या सेल्झ-प्राल आफ्टरशॉक ३९१८ या एकट्या होल्स्टीननं २०१७ मध्ये संपलेल्या ३६५ दिवसांत ३५,४५७ किलो दूध देऊन विक्रम केला. दिवसाला सरासरी ९७ किलो. तिच्या वाट्याचं कोलेस्टेरॉल वर्षाला साडेचार किलो येतं.

चरबी देऊन दुधाचा फॅट वाढवण्याच्या नादात उलटही घडतं, आणि ते आकडे तर अद्भुत आहेत. कोटीपोटात आम्लता बिघडली की जिवाणू तेल घट्ट करताना आडवाटेला लागतात आणि एक वेगळंच मेदाम्ल बनवतात. कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन यांच्या गटानं ते शुद्ध स्वरूपात, कोटीपोट टाळून गाईला दिलं. दिवसाला साडेतीन ग्रॅम दिल्यावर दुधातली चरबी पाव हिश्श्यानं घटली. २२ किलो खाणाऱ्या जनावरात साडेतीन ग्रॅम! केंद्रावर फॅट अचानक उतरला की पाणी घातल्याचा संशय घेण्याआधी गव्हाणीत डोकावणं बरं.

कॅल्शियमच्या साबणाआधीही चरबी लपवून पोचवण्याचा एक प्रयत्न झाला होता, ऑस्ट्रेलियात, १९७० च्या सुमारास. सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत टी. डब्ल्यू. स्कॉट, एल. जे. कुक आणि सहकाऱ्यांनी करडईच्या तेलाचे थेंब दुधातल्या केसीनमध्ये गुंडाळले आणि त्यावर फॉर्मॅल्डिहाइडची प्रक्रिया करून कवच टणक केलं. जिवाणूंना ते फोडता येईना. तेल असंतृप्तच राहून आतड्यात पोचलं आणि दुधातलं लिनोलिक दोन-तीन टक्क्यांवरून वीस टक्क्यांच्या पुढे गेलं. लोणी इतकं मऊ की थंडीतही पोळीवर पसरावं. गाईंच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल अर्थातच चढलं, बारदान वाढलं ना. पण पॉल नेस्टेल आणि मंडळींनी याच पद्धतीनं पोसलेल्या जनावरांचं दूध-मांस माणसांना खाऊ घालून बघितलं, आणि १९७३ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की खाणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. गाईचं वर, माणसाचं खाली, एकाच तेलानं. दूध पटकन खवट होई, खर्चही होता, आणि तो मऊ लोण्याचा बेत बाजारात रुजला नाही. मला मात्र तो प्रयोग या विषयातला सर्वांत खट्याळ वाटतो.

आता तो ८० चा आकडा, ज्याला घाबरायचं.

गाय भाकड काळात कमी खाते, आणि व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत तिचं खाणं आणखी तीस टक्क्यांपर्यंत उतरतं. पोटात चाळीस किलोचं वासरू, जागा नाही, अंगात संप्रेरकांचा गोंधळ. चरबी आत येत नाही, बारदान लागत नाही, कोलेस्टेरॉल उतरत उतरत व्यायच्या दिवशी ८० च्या आसपास येतं. तेवढं सगळ्याच गाईंत होतं. त्यानंतर निरोगी गाय खायला लागते आणि आकडा आठवड्यागणिक चढत दोन महिन्यांत दोनशे ओलांडतो. जी चढत नाही, ती खात नाही.

न खाणारी गाय दूध तर देतच असते. तेव्हा अंगावरची चरबी विरघळून रक्तात येते आणि यकृताकडे निघते. व्यायल्यानंतर यकृतातून तासाला सुमारे २,००० लिटर रक्त वाहतं, भाकड काळातल्या जवळजवळ दुप्पट. दिवसाला ५० हजार लिटरच्या आसपास. अंदाज असा आहे की व्यायच्या सुमारास यकृतात शिरणारी चरबी दिवसाला शंभर ग्रॅमवरून १,३०० ग्रॅमपर्यंत जाते. तेरा पट, काही दिवसांत. यकृतानं ती जाळावी किंवा गोण्यांत भरून बाहेर धाडावी. पण गाईचं यकृत या गोण्या भरण्यात फार संथ आहे. उंदीर, कोंबडी तिच्या कितीतरी पुढे. न जळलेली, न निघालेली चरबी तिथेच साचते. नऊ-दहा किलोच्या यकृतात तिचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं, म्हणजे किलोभर चरबी झाली, की ते ‘तीव्र’ यकृतमेद समजतात. आणि अशा गाईच्या रक्तात काय दिसतं? मेदाम्लं भरपूर, कीटोन भरपूर, कोलेस्टेरॉल तळाला. गोदाम फुटेस्तोवर भरलंय आणि गाडीवर माल चढत नाही.

म्हणून व्यायलेल्या गाईचं कोलेस्टेरॉल वाढलं नाही याची काळजी करायची. त्यावर चरबी हे औषध नाही, कारण जी मुळात खात नाही तिला बायपास फॅट घालून भूक आणखी मरते. चांगला चारा, ताजं पाणी, गव्हाणीत पुरेशी जागा, भाकड काळात गाय फार लठ्ठ न होऊ देणं, हेच. यातलं काही नवं नाही, जुन्या गवळ्यांना ते आकड्याशिवाय ठाऊक होतं.

गोणीच नसली तर काय होतं, तेही निसर्गानं दाखवून ठेवलंय. २०१५ च्या उन्हाळ्यात जर्मनीतून बातमी आली की काही होल्स्टीन वासरं हगवणीनं खंगून काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दगावतात. कोणतंही औषध लागू पडत नाही, आणि त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जवळजवळ सापडतच नाही. वंशावळ मागे मागे नेली तर सगळे धागे एका वळूपाशी मिळाले: मॉघलिन स्टॉर्म, कॅनडा, जन्म १९९१. दुधाळ मुलींसाठी नावाजलेला, देशोदेशी रेत गेलेलं. पुढे बिघाड नेमका सापडला. गाईच्या जनुकसंचात २७० कोटींच्या आसपास अक्षरं आहेत. त्यात एपीओबी नावाच्या जनुकात १,३०० अक्षरांचा एक परका तुकडा घुसलेला होता. हे जनुक त्याच गोणीचा मुख्य धागा असलेलं प्रथिन बनवतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या वासरात गोणी विणलीच जात नाही. वासरू दूध पितं, चरबी पचते, आतड्याच्या भिंतीपर्यंत येते आणि तिथेच अडते. एकच प्रत बिघडलेलं जनावर दिसायला ठणठणीत असतं, फक्त त्याचं कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा कमी भरतं.

रेताची एक मात्रा पाव मिलीलिटरची, तिच्यात साधारण दोन कोटी शुक्राणू. एकच प्रत बिघडलेल्या वळूच्या मात्रेत निम्म्यांमध्ये तो १,३०० अक्षरांचा तुकडा असतो. परदेशी होल्स्टीन वळूंच्या कॅटलॉगमध्ये आता नावापुढे बारीक अक्षरांत खूण छापतात: तपासून निर्दोष आढळलेला असेल तर सीडीएफ, वाहक असेल तर सीडीसी. दुधाचे आणि फॅटचे आकडे मोठ्या टाइपात असतात, ही तीन अक्षरं शोधावी लागतात.